कुरण सुटण्याचे दिवस

मोज्यात कुसळ सापडलं तेव्हा कार्तिक सरत आला होता. मोजे धुतलेले, दोरीवर वाळलेले, घडी घालून कपाटात ठेवलेले. तरी टाचेजवळ ते होतंच. चिमटीत धरून ओढलं तर पुढे सरकायला तयार, मागे यायला नाही. बुडाशी टोकदार तपकिरी बी, बियावर उलट्या दिशेची बारीक लव आणि मागे काळसर, पीळ दिलेली लांब शेपटी. शेवटी निघालं. टेबलावर ठेवलं. तिथे पेल्यातलं थेंबभर पाणी सांडलेलं होतं. ओल लागली तसा शेपटीचा पीळ उलगडू लागला आणि कुसळ लाकडावर सावकाश गोल फिरू लागलं. ते जमीन शोधत होतं. धाराशिव शहरात दुसऱ्या मजल्यावर ती मिळण्यासारखी नव्हती.

या दिवसांत बालाघाटाच्या सपाटीवरचे माळ रंग बदलतात. येडशीजवळ रामलिंगाच्या दरीत दाट झाडी आहे. दरीतून वर चढून आलं की झाडं हळूहळू खुजी होतात आणि मग थांबतात. पुढे नुसतं गवत. उंचवट्यावर कुसळी आणि पवन्या, खोलगटात मारवेल. दसऱ्याला त्यात हिरवा रंग शिल्लक असतो, दिवाळीला ते तांबूस होतं आणि चंपाषष्ठीच्या सुमाराला पाचटासारखं पिवळं पडतं. तेव्हा त्यातून जाणाऱ्या वाऱ्याला वेगळा आवाज येतो, कुणीतरी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राची पानं उलटत असल्यासारखा.

या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे दृश्य इतकं सवयीचं असतं की झाडं तिथेच का थांबतात, हा प्रश्न पडत नाही. मलाही पडला नव्हता. बातमीदारानं प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते. पण जे रोज दिसतं त्याची बातमी होत नाही आणि ज्याची बातमी होत नाही त्याविषयी बातमीदार सहसा विचारत नाही.

ज्या हंगामाविषयी हे लिहितो आहे, तो काही वर्षांपूर्वीचा. त्याची सुरुवात तशी वैशाखातच झाली होती. मी एका जिल्हा दैनिकात काम करत होतो. सपाटीवरच्या एका गावात मोठं वृक्षारोपण होणार, अशी माहिती आली. गावाच्या माळाला तारेचं कुंपण घालून हजारो रोपं लावायची, झाडं मोठी होईपर्यंत चराई बंद, असा बेत होता. मी मोटारसायकलवरून गेलो. डोक्यावर ऊन होतं, माळ भुरकट होता, नजरेच्या टप्प्यात एक जनावर नव्हतं. रस्त्यावर उभा राहून फोटो काढला आणि परत आलो. बातमीत लिहिलं : ‘मैलभर पसरलेला हा ओसाड, निरुपयोगी माळ आता हिरवागार होणार आहे.’ दोन विशेषणं. ती कुणी सांगितलेली नव्हती आणि मी कुणाला विचारलेली नव्हती.

कार्तिकात खड्डे खोदायला सुरुवात होणार होती, म्हणून पुन्हा गेलो. या वेळी रस्त्यावर थांबलो नाही, माळातून चालत गेलो. गवत मांडीला लागत होतं. पलीकडच्या कडेला एका धोंड्यावर एक बाई बसल्या होत्या. वय साठीच्या अलीकडचं, खांद्यावर काळी घोंगडी. मागे सोयाबीन निघालेल्या रिकाम्या रानात साठ-सत्तर मेंढरं चरत होती. गावात त्यांना सगळे भामाक्का म्हणतात, हे नंतर कळलं.

“पेपरवाले का?”

“हो.”

“ओसाड लिवलं ते तुमीच?”

“मीच.”

“बसा. पाय भरले असतील कुसळानं. आधी ते काढा, मंग बोलू.”

मी बसलो. पँटच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं रुतली होती. एकेक काढत असताना त्या शांतपणे पाहत होत्या.

“ओसाड जागंत मानसाला एवढं काय लागतंय, बगा,” त्या म्हणाल्या.

त्या दुपारी जे कळलं ते असं. तो माळ म्हणजे गावाचं राखलेलं कुरण होतं. मृगाच्या पेरण्या आटोपल्या की त्यात मेंढरू, शेरडू, गाय, बैल, कुणाचंही जनावर जात नाही. तार नाही, भिंत नाही. चार कोपऱ्यांवर चुना लावलेले चार धोंडे, एवढीच हद्द. ज्याचं जनावर आत शिरेल त्याला कुरण सुटल्यावरही पंधरा दिवस बाहेर थांबावं लागतं. गवत वाढतं, फुलतं, पिकतं, बी टाकतं. त्यानंतर कुरण सुटतं आणि मग उन्हाळ्यापर्यंत अख्ख्या गावाची जनावरं त्यावर जगतात. वैशाखात मी पाहिलेला माळ हा खाऊन संपलेलं ताट होता. ताट रिकामं दिसलं म्हणून मी घरात स्वयंपाकच होत नाही असं छापलं होतं.

कुरण सुटण्याची तारीख ठरलेली नसते. ती घोंगडी ठरवते. भामाक्कांच्या सासऱ्यांकडे ते काम होतं, मग नवऱ्याकडे आलं, नवरा गेल्यावर त्यांच्याकडे. कुसळी पिकली की तिची कुसळं मेंढराच्या लोकरीत शिरतात, पुढेपुढे सरकत कातडीत घुसतात, जनावर झुरतं. म्हणून कुसळं जमिनीवर गळेपर्यंत थांबायचं. गळाली की नाही हे बघायला घोंगडी गवतावरून कासराभर, म्हणजे बैलाच्या दोरीएवढं अंतर, ओढायची आणि उलटी करून पाहायची. लोकरीची घोंगडी म्हणजे मेंढरूच. ती भरून आली तर अजून वेळ आहे. कोरी निघाली तर कुरण सुटलं. गळालेलं बी तोवर जमिनीत शिरलेलं असतं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गवताचीही तजवीज झालेली असते.

त्यांनी उठून मला ते करून दाखवलं. घोंगडी भरून आली. एवढी, की काळा रंग दिसेना.

“अजून धा-पंधरा दिस,” त्या म्हणाल्या. “निम्मी मेंढरं गाभन हायत. कुरन सुटंल आन मेंढ्या व्यातील, असा हिशेब असतो दरसाल. औंदा तुमची तार आली तर म्या काय करू? माजे दीर मेंढरं घेऊन खाली कर्नाटकात गेले. मेंढरंबी परत आली न्हाईत, दीरबी न्हाय. म्या या वयात बिऱ्हाड घोड्यावर लादू का?”

 या बेतावर शेवटचा ठराव करणारी ग्रामसभा आठ दिवसांवर होती.

वृक्षारोपणाचा बेत कुणा बाहेरच्या माणसाचा नव्हता. तो गावातल्या शाळेच्या गौतम सरांचा होता. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. वस्तीतून शाळेत येणारा रस्ता अर्ध्या तासाचा आणि त्यावर एकही झाड नाही. सरांची आई रोजगार हमीवर खडी फोडायची. ते तिची भाकरी घेऊन जायचे, ही त्यांची पहिलीच्या वर्गातली आठवण.

“बसायला सावली कुठली? खडीच्या ढिगाची,” सर म्हणाले. “आणि ढिगाची सावली भर दुपारी नसतेच. भाकरी खायच्या वेळेला नेमकी नसते. आई गेली. मी शाळेत लागलो तेव्हा ठरवलं, या गावात झाडं लावायची. दोनदा लावली. दोन्हीदा मेंढरांनी खाल्ली. म्हणून या वेळी तार.”

हे ऐकल्यावर बाजू घेणं सोपं राहिलं नाही. बातमीत एक बरोबर असतो आणि एक चूक. निदान मथळा करताना तशी सोय असते. इथे एका माणसाला सावली हवी होती आणि एका बाईला गवत, आणि दोघांच्या मागण्यांत खोटं काही नव्हतं. चूक होती ती फक्त प्रस्तावाच्या कागदांत. सरांनी फाइल दाखवली. ‘जमिनीचे वर्णन’ या रकान्यात ‘ओसाड’ लिहिलेलं होतं आणि पुरावा म्हणून माझ्या बातमीचं कात्रण जोडलेलं होतं, शिक्क्यासकट.

दुसऱ्या दिवशी सर खड्डा घ्यायला निघाले. भामाक्का हद्दीच्या धोंड्याजवळ उभ्याच होत्या.

“मास्तर, कुरनात कुदळ मारायची न्हाय. धोंड्याच्या भायेर मारा. एकच मारा, आन काय निघतंय ते मलाबी दावा.”

“तुमची मेंढरं माझी झाडं खातात ते चालतं, भामाक्का?”

“तुमी झाड लावून सुट्टीला घरी बसता. मेंढराला सुट्टी न्हाय.”

सर हसले नाहीत, पण त्यांनी धोंड्याच्या बाहेर एकच खड्डा घेतला. वरची वीतभर माती निघेना. कुदळ बसायची आणि अडकायची. ती माती नव्हतीच, मुळांची वीण होती. केसासारखी बारीक मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली की ढेकूळ हातात धरून झटकलं तरी सुटत नव्हतं. त्याखाली मुरूम. मुळं मुरमाच्या फटीफटीत उतरलेली. गुडघाभर खोलीवर पहार खणखणली आणि सरांच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. खाली काळा पाषाण होता. सरांनी पहार दोन हात सरकवून पुन्हा मारली. पुन्हा तोच आवाज.

भामाक्कांनी विळ्यानं गवताचा एक ठोंब जमिनीलगत कापला आणि बूड दाखवलं. “वरनं खाल्लं तर ह्याचं काय जातंय? जीव खाली हाय ह्याचा. झाडाचा जीव शेंड्याला. शेंडा खाल्ला की संपलं.”

पुढे याविषयी वाचलं, जाणकारांना विचारलं. सगळं वाचून झाल्यावर लक्षात आलं की भामाक्कांच्या वाक्यात त्यातलं निम्मं आलं होतं. झाड शेंड्यानं वाढतं. गवत बुडातून वाढतं, आणि त्याचे कोंब मातीला टेकून किंवा मातीच्या आत असतात. जनावरानं खाल्लं, विळ्यानं कापलं, वणव्यानं जाळलं तरी जातात ती वरची पानं. त्याच्या अंगाचा मोठा भाग जमिनीखाली असतो. पाऊस पडला की वरच्या मातीतलं पाणी आधी ही मुळं उचलतात. खाली झाडाच्या रोपाला उरतं ते थोडं. कोरडं साल आलं की गवत वरचं सगळं वाळू देतं आणि खाली दम धरून राहतं. रोपाला तसं करता येत नाही. त्याला एक कोरडं साल पुरतं.

पृथ्वीच्या थंड भागांतही अशी मैदानं आहेत. हिवाळ्यात तिथे बर्फ असतं, दिवसभर चालत गेलं तरी झाड लागत नाही. माती मात्र आपल्या माळासारखी उथळ नाही. काळी, खोल, कसदार. तरी तिथे गवतच माजलं, कारण जंगल पोसायला लागतो तेवढा पाऊस दरसाल होत नाही, वाळल्या गवताला आगी लागतात आणि रोपांचे शेंडे मोठाले कळप खात-तुडवत जातात. आगी थांबवल्या, कळप हटवले की जिथे ओल बरी आहे तिथून झाडं आत सरकू लागतात. कोरडं साल, आग आणि खूर या तिघांशी ज्याचं जमतं त्याचं ते रान. ती मैदानं काही ओसाड नाहीत. तिथली काळी माती गवताच्याच मुळांनी मरून-मरून तयार केली आहे.

आपला माळ त्यांचा दूरचा, गरीब भाऊ. त्याच्याकडे खोल माती नाही, पण कोरडं साल आणि खूर भरपूर आहेत. आणि दरीतली झाडी? तिथे वरून वाहून आलेली माती साठते, पाणी थांबतं, डोंगराची सावली असते. झाडं आपली जागा ओळखतात. जागा चुकली होती ती कागदावर.

खड्डा बघून झाल्यावर सरांनी माती परत आत लोटली. मग पहार खांद्यावर टाकून ओढ्याकडे चालू लागले. काठावर, वस्तीच्या रस्त्याला लागून, त्यांनी दुसरा खड्डा घेतला. छातीइतकं खोल गेले तरी पाषाण लागला नाही. खालची माती ओलसर, मुठीत दाबली तर लाडू होत होता.

“हे आधी का बघितलं नाही?” त्यांनी विचारलं. कुणाला ते स्पष्ट नव्हतं. त्यांनी ते स्वतःलाच विचारलं आहे असं मी धरलं.

“ओढ्याला लावा की,” भामाक्का वरून म्हणाल्या. “रस्त्यालाबी लावा. तुमी कुरनात कुदळ मारू नका, म्या ओढ्यात मेंढरू घालनार न्हाय. झाड मेंढराच्या तोंडाच्या वर जाईस्तोवर चुन्याचे धोंडे मांडू. कुरन राखतो तसं झाडबी राखू.”

“शब्द?”

“सोनारीच्या भैरवनाथाची आन.”

सर म्हणाले, “मला आन नको, तुमचा शब्द पुरे.”

दोघांचं जमलं तरी फाइल होतीच. मंजुरी ‘ओसाड’ जमिनीची होती आणि पुरावा माझा होता. संध्याकाळी कार्यालयात येऊन मी दुरुस्ती लिहिली आणि वृत्तसंपादकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“नाव चुकलं तर दुरुस्ती. आकडा चुकला तर दुरुस्ती. विशेषण चुकल्याची दुरुस्ती मी उभ्या नोकरीत छापलेली नाही.”

“विशेषण नाही सर. वस्तुस्थिती चुकली.”

“कोण मागतंय? वकिलाची नोटीस आहे?”

“नाही. एक मेंढरंवाली बाई आहे.”

त्यांनी चष्मा खाली घेतला, दोन ओळी कापल्या आणि तीन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली ते आलं : ‘या गावाच्या माळाचा उल्लेख ओसाड, निरुपयोगी असा झाला होता. हा माळ गावाने राखलेले गवताचे कुरण असून त्यावर गावातील जनावरांचा चारा अवलंबून आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ मी पुष्कळ बातम्या लिहिल्या. नेमकेपणाच्या बाबतीत या तीन ओळींची बरोबरी करणारं फार थोडं हातून झालं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एक सदस्य पहिलं कात्रण दाखवून म्हणाले, “पेपरात आलंय ओसाड म्हणून. पेपरवाला खोटं लिवतो व्हय?”

भामाक्का उठल्या. त्यांच्या हातात दुरुस्तीचं पान होतं. “मंग हेबी पेपरातच आलंय. त्योच पेपर, त्योच मानूस. कुटलं खरं धरता?”

लोक हसले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. बातमीदार सभेत बोलत नाही. कोपऱ्यात बसून लिहून घेतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “दुसरं खरं आहे. पहिल्या वेळी मी रस्त्यावरून बघितलं होतं.” एवढंच बोलून बसलो. त्यानंतर गौतम सरांनी स्वतःचाच प्रस्ताव बदलायची सूचना मांडली : झाडं ओढ्याकाठी आणि वस्तीच्या रस्त्याला, कुरण आहे तसं. हात वर झाले. दुरुस्तीचं कात्रण फाइलमध्ये पहिल्या कात्रणावर टाचलं गेलं. पहिलं काढून टाकावं असं कुणी सुचवलं नाही, ते बरंच झालं.

आता ओढ्याकाठच्या करंजांखाली आणि जांभळांखाली भर दुपारी सावली असते. खरं तर तेव्हाच ती सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. वस्तीतल्या बाया तिथे बसून भाकरी खातात. झाडं मेंढरांच्या तोंडाच्या वर गेल्यावर चुन्याचे धोंडे उचलले गेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात भामाक्कांचा कळप तिथे येऊन बसला. सर म्हणाले, “भामाक्का, गवताला सावली नसते, पटलं का?” त्या म्हणाल्या, “आन झाडाला दूध न्हाय, मास्तर. च्या प्यायचा असंल तर गुमान बसा.”

पण तो हंगाम आठवतो तो सावलीसाठी नाही. ग्रामसभेनंतर सहा-सात दिवसांनी सकाळी सरांचा फोन आला : भामाक्का घोंगडी ओढणार आहेत, या. गेलो. गाव धोंड्याबाहेर उभं होतं. गायी, शेरडं, मेंढरं पुढे रेटत होती आणि माणसं त्यांना धरून होती. भामाक्का एकट्या आत गेल्या. घोंगडी टाकली, कासराभर ओढली, उलटी केली. पुष्कळ वेळ पाहिली.

“एक हाय,” त्या म्हणाल्या.

“एकच तर आहे,” सर म्हणाले. “सोडा आता. जनावरं आवरेनात.”

 भामाक्कांनी लोकरीतून ते एक कुसळ पुढच्या दिशेनं सोडवून काढलं, खाली वाकल्या, अंगठ्यानं जमिनीत दाबलं. मग घोंगडी झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून ओढली. उलटी केली. काळी, स्वच्छ.

“सुटलं.”

माणसांनी हात काढले आणि जनावरं आत गेली.

माझ्या टेबलावरचं कुसळ पाणी वाळल्यावर थांबलं आहे. ते मी पाकिटात घालून ठेवलं आहे. या वर्षीचा फोन अजून यायचा आहे. आला की जाईन. घोंगडी ओढली जाण्याआधी हे एक परत करायचं आहे.